‘ड्रॅक्युला’चा लेखक : ब्रॅम स्टोकर



मागच्या सत्रात आपल्या वाचनालयातून नववीच्या मुलामुलींनी एक पुस्तक आळीपाळीने घरी नेले. ‘ड्रॅक्युला’ या प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीची ती संक्षिप्त आवृत्ती. एका मुलीने ते दोन रात्रींत वाचून संपविले आणि पुढे आठवडाभर झोपण्यापूर्वी खिडकीची कडी दोनदोनदा तपासली, असे तिच्या आईने हसत हसत सांगितले. दुसऱ्या एका पालकांना मात्र यात हसण्यासारखे काही वाटले नाही. शाळेत रक्त पिणाऱ्या भुताचे पुस्तक हवेच कशाला, दहावी तोंडावर आलेली असताना मुलांच्या डोक्यात हे का घालायचे, असे त्यांनी विचारले. प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. म्हणून चार वाक्यांत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे मला वाटले नाही. वाचनालयाचे काम पाहणारा या नात्याने त्या कादंबरीच्या लेखकाचे चरित्र मी पुन्हा एकदा वाचून काढले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे. पुस्तक कपाटात राहावे की नाही, हे पालक-शिक्षक सभेत ठरेलच.

ब्रॅम स्टोकर यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिन शहराजवळच्या क्लॉनटार्फ येथे झाला. अब्राहम हे त्यांचे पाळण्यातले नाव. वडिलांचेही नाव तेच असल्यामुळे पुढे ‘ब्रॅम’ हे छोटे रूप रूढ झाले. सात भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. वडील डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे त्या काळच्या सरकारी कचेरीत, कारकून होते. पगार बेताचा, पण घरात पुस्तके भरपूर आणि नाटकाची आवड दांडगी. आपल्याकडच्या अनेक जुन्या मराठी घरांचे वर्णन वाचतो आहोत असे वाटावे, इतके ते ओळखीचे आहे.

ज्या वर्षी ब्रॅम जन्मला ते आयर्लंडच्या इतिहासातले काळे वर्ष समजले जाते. बटाट्याच्या पिकावर रोग पडून १८४५ पासून तेथे भयंकर दुष्काळ चालू होता. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली, तितकीच देश सोडून गेली. स्टोकरांच्या घरात उपासमार नव्हती, पण हे मूल काही केल्या उठून उभे राहीना. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत ब्रॅम अंथरुणाला खिळून होता. आजार कोणता, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळले नाही. धाकटी भावंडे घरभर पळत आणि हा त्यांच्याकडे गादीवरून पाहत राही.

अशा मुलाजवळ बसून त्याला रमविण्याचे काम आईकडे आले. शार्लट स्टोकर ही मोठी करारी बाई. पुढे तिने मूकबधिर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने घ्यावी म्हणून सभेत निबंध वाचला, गरीब मुलींच्या हलाखीविषयी लिहिले. तिने ब्रॅमला परीकथा तर सांगितल्याच, पण त्याहून जास्त स्वतःच्या लहानपणी पाहिलेले सांगितले. १८३२ मध्ये तिच्या स्लायगो गावात पटकीची साथ आली होती. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. रस्ते ओस पडले, घरेच्या घरे बंद झाली, पळून जाणाऱ्या कुटुंबांना पुढची गावे शिरू देईनात. मेलेल्यांबरोबर न मेलेलेही घाईघाईने पुरले जात, अशी त्या वेळी सगळ्यांच्या मनात धास्ती होती. एका धिप्पाड शिपायाला मेला समजून पेटीत घालू लागले, तर तो हालचाल करू लागला, ही त्यातलीच एक हकीकत. ब्रॅम मोठा झाल्यावर त्याने मुद्दाम आईकडून या सगळ्या आठवणी लिहवून घेतल्या आणि ते कागद जपून ठेवले.

सात वर्षांच्या आजारी मुलाला कोणी अशा गोष्टी सांगतात काय, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले. पण आपल्या आज्यांनी प्लेगच्या गोष्टी आपल्याला सांगितल्याच होत्या, आणि कोरोनाच्या दोन वर्षांतल्या गोष्टी आपली मुले उद्या त्यांच्या मुलांना सांगतीलच.

सातव्या वर्षानंतर ब्रॅम हळूहळू चालू लागला, आणि असा चालू लागला की पुढे थांबलाच नाही. १८६४ मध्ये तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तेव्हा सहा फुटांहून उंच, तांबूस केसांचा, भरदार छातीचा तरुण होता. चालण्याच्या शर्यतीत त्याने बक्षिसे मिळविली, फुटबॉल खेळला, विद्यापीठाचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला. कॉलेजातील वक्तृत्व आणि वादविवादाच्या दोन्ही नामांकित मंडळांची सर्वोच्च पदे त्याने भूषविली. पदवी घेऊन तो वडिलांच्याच कचेरीत नोकरीला लागला. तिथे तालुक्याच्या छोट्या न्यायालयांची तपासणी हे त्याचे काम. त्याने लिहिलेले पहिले छापील पुस्तक भुताचे नव्हते. आयर्लंडमधील या न्यायालयांतल्या कारकुनांची कर्तव्ये काय, या विषयावरचे ते नियमांचे जाडजूड पुस्तक १८७९ मध्ये निघाले. कंटाळवाणे, पण कामाचे.

नोकरीबरोबर नाटकाचे वेड चालूच होते. हेन्री आयर्व्हिंग हा त्या वेळचा उगवता इंग्रज नट. डब्लिनला त्याचा प्रयोग झाला आणि वर्तमानपत्रांत धड परीक्षणही आले नाही, याचा ब्रॅमला संताप आला. तो एका सायंदैनिकाच्या कार्यालयात गेला आणि बिनपगारी नाट्यपरीक्षक होण्याची तयारी दाखविली. अनेक वर्षे त्याने हे काम फुकट केले. त्या पत्राच्या मालकांपैकी एक शेरिडन ले फानू. त्यांनी १८७२ च्या सुमारास ‘कार्मिला’ नावाची एका स्त्री-पिशाचाची कथा लिहिली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१८७६ मध्ये आयर्व्हिंग पुन्हा डब्लिनला आला. ब्रॅमचे परीक्षण वाचून त्याने त्याला जेवायला बोलावले आणि जेवणानंतर एक दीर्घ कविता म्हणून दाखविली. खून करून मनात जळत राहिलेल्या एका शिक्षकाची ती कविता. ती ऐकून हा सहा फुटी पहिलवान अक्षरशः हमसून हमसून रडला. दोघांची मैत्री जडली ती त्या रात्री. दोन वर्षांनी लंडनचे लायसियम थिएटर आयर्व्हिंगच्या ताब्यात आले तेव्हा त्याने ब्रॅमला व्यवस्थापक म्हणून बोलावले. ब्रॅमने पेन्शनची सरकारी नोकरी सोडली. ४ डिसेंबर १८७८ रोजी फ्लॉरेन्स बाल्कम हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि पाचच दिवसांनी, सहल वगैरे काही न करता, तो कामावर हजर झाला. सरकारी नोकरी सोडून नाटक कंपनीत जाणारा मुलगा आपल्या घरात असता तर काय झाले असते, याची कल्पना पालकांनी करावी. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, तो हाच काळ.

लायसियममध्ये स्टोकर यांनी २७ वर्षे काढली. हिशेब, तिकिटे, नोकरचाकर, जाहिराती, अमेरिकेचे दौरे, पाहुण्यांच्या पंगती, सारे त्यांच्याकडे. रोजची पत्रेच पन्नासच्या घरात. आयर्व्हिंग हा मोठा कलावंत, आणि मोठ्या कलावंतांबरोबर राहणाऱ्यांचे जे होते तेच स्टोकरांचे झाले. त्यांचा दिवस मालकाच्या मर्जीने सुरू होई आणि पहाटे मालक झोपायला गेला म्हणजे संपे. ३१ डिसेंबर १८७९ रोजी मुलगा झाला. त्याचे नावही आयर्व्हिंगवरूनच ठेवले. वडील घरी असे फारसे दिसतच नसत. १४ सप्टेंबर १८८२ रोजी थेम्स नदीवरच्या आगबोटीतून एका माणसाने जीव देण्यासाठी उडी घेतली तेव्हा स्टोकर यांनी कोट टाकून त्याच्यामागे उडी मारली. त्याला बाहेर काढून स्वतःच्या घरी नेले, जेवणाच्या टेबलावर निजविले, डॉक्टर असलेल्या भावाला बोलावले. तो माणूस वाचला नाही. स्टोकर यांना या धाडसाबद्दल कांस्यपदक मिळाले. फ्लॉरेन्सला मात्र ते घर पुढे नकोसे झाले, आणि त्यात तिची चूक होती असे कोण म्हणेल?

आता आपल्या माळव्याशी संबंध असलेला भाग. आयर्व्हिंगच्या ओळखीने स्टोकर यांची गाठ रिचर्ड बर्टन या प्रवाशाशी पडली. प्रथम १८७८ मध्ये डब्लिनला, आणि पुढे लंडनमध्ये रात्रीच्या जेवणाच्या वेळी अनेकदा. बर्टन हे १८४२ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेतून मुंबईत उतरले होते. बडोद्याच्या छावणीत राहून ते हिंदुस्थानी, गुजराती आणि आपली मराठीही शिकले, तिच्या सरकारी परीक्षेस बसून उत्तीर्ण झाले. याच बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्रजीत आपल्या पद्धतीने रंगवून सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळासाठी ‘व्हँपायर’ हा शब्द वापरला. म्हणजे उज्जैनीच्या स्मशानातला आपला वेताळ व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात व्हँपायर म्हणून दाखल झाला, तो ‘ड्रॅक्युला’ छापली जाण्याआधी सत्तावीस वर्षे. स्टोकर यांनी बर्टनविषयी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांच्या मनावर सर्वांत जास्त ठसला तो बर्टन यांचा चेहरा. बोलता बोलता वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा पुरा दिसून खंजिरासारखा चमके, असे ते सांगतात. कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला प्रथम भेटतो तेव्हा त्याच्या ओठांचे आणि दातांचे वर्णन वाचून पाहा.

यावरून ड्रॅक्युला हा आपल्या वेताळाचा नातू, असे मात्र कोणी समजू नये. दोघांचा स्वभाव फार वेगळा. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ रक्त पीत नाही, तो कोडे घालतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. त्याची सारी मौज बोलण्यात आहे. शेवटी तोच राजाला कपटी जोग्यापासून सावध करून वाचवितो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ गावाचे रक्षण करणारा देव आहे. ज्या विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस गोष्टी आपण ऐकतो, त्या बाहुल्यांनी ऐकविल्या त्या आपल्या धारच्या भोजराजाला. बापू छत्रे यांनी १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, ‘चांदोबा’ मासिकाने ती घरोघरी नेली आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर ती मालिका लागली तेव्हा देवासच्या आणि धारच्या गल्ल्या रविवारी ओस पडत, हे पालकांच्या पिढीला आठवत असेल. भुताची गोष्ट मुलांच्या डोक्यात घालण्याचे काम माळव्यात फार जुन्या काळापासून चालू आहे, एवढेच मला सांगायचे होते.

‘ड्रॅक्युला’ची पहिली टिपणे मार्च १८९० मधली आहेत. लक्षात घ्या, लेखकाचे वय तेव्हा ४२. दिवसभर थिएटर, मग जे काही उरेल ते लेखनाला. सुरुवातीला त्या पिशाचाचे नाव वेगळे होते आणि गोष्ट ले फानूंच्या कथेप्रमाणेच ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात घडणार होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्टोकर कुटुंब इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी या कोळ्यांच्या गावी सुटीला गेले. तेथे कड्यावर एक पडका मठ आहे, त्याखाली कबरस्तान आणि खाली बंदर. स्टोकर यांनी त्या गावात जे केले ते आपल्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे असे आहे. त्यांनी थडग्यांवरची नावे उतरवून घेतली. म्हाताऱ्या खलाशांची बोली, तिचे शब्द, अर्थासह लिहून घेतले. वारा कसा वाहतो, धुके केव्हा चढते, याची नोंद केली. किनारारक्षकाला गाठून बुडालेल्या जहाजांची माहिती काढली. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘दिमित्री’ नावाचे एक रशियन जहाज तिथल्या वाळूत येऊन आदळले होते. कादंबरीत त्याचे ‘डिमीटर’ झाले. त्याच जहाजातून, मेलेला कप्तान सुकाणूला बांधलेला असताना, ड्रॅक्युला इंग्लंडच्या भूमीवर उतरतो.

आणि त्यांनी गावातल्या वाचनालयातून एक पुस्तक काढले. वालेकिया आणि मोल्दाव्हिया या प्रांतांत राहिलेल्या विल्किन्सन नावाच्या इंग्रज वकिलाने, म्हणजे सरकारी प्रतिनिधीने, १८२० मध्ये लिहिलेले ते नीरस राजकीय वृत्त होते. त्यात तुर्कांशी लढलेल्या एका सरदाराचे नाव आले होते, ड्रॅक्युला. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान असा होतो, अशी तळटीप खाली होती. स्टोकर यांनी पुस्तकाचा कपाटातला क्रमांकसुद्धा टिपून घेतला. एका छोट्या गावातल्या वाचनालयात ते एक पुस्तक नसते, तर जगाला हे नाव ठाऊकच झाले नसते. (वाचनालयाच्या यंदाच्या अनुदानाचा विचार करताना विश्वस्तांनी हा प्रसंग नजरेसमोर ठेवावा, ही नम्र विनंती.)

ज्या ट्रान्सिल्व्हानियात गोष्ट सुरू होते तिथे स्टोकर कधीच गेले नाहीत. नकाशे, प्रवासवर्णने, रेल्वेची वेळापत्रके आणि तिथे राहिलेल्या एमिली जेरार्ड या बाईंचा लोकसमजुतींवरचा लेख, एवढ्यावर त्यांनी तो प्रदेश उभा केला. तिथल्या लोकांना आपल्या देशाची ही ओळख फारशी आवडत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. आपल्या देवासला फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९१२ मध्ये प्रथम आला, १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस म्हणून राहिला आणि १९५३ मध्ये त्याने देवासवर पुस्तक काढले. तो तर इथे राहून गेला, इथले मीठ खाऊन गेला, महाराजांवर त्याचे प्रेम होते. तरीही ते पुस्तक वाचताना आपल्याला मधूनच खटकते. न पाहिलेल्या मुलखाविषयी लिहिलेले वाचताना तिथल्यांना काय वाटत असेल!

स्टोकर यांना वैद्यकाची माहिती थोरल्या भावाकडून मिळाली. सर थॉर्नली स्टोकर हे डब्लिनचे नामांकित शस्त्रवैद्य. डोक्याला मार लागल्यावर काय होते, हे त्यांनी भावाला आकृती काढून समजावून दिले होते. टॉम नावाचा आणखी एक भाऊ हिंदुस्थानात मुलकी सेवेत, आजच्या उत्तर प्रदेशात, अधिकारी होता. कादंबरीत प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग जमिनीत पुरून घेऊन पुन्हा जिवंत बाहेर येणाऱ्या हिंदी फकिराचा दाखला देतात आणि असली पिशाचे हिंदुस्थानातही आहेत असे बजावतात.

सात वर्षे खपून लिहिलेली ही कादंबरी २६ मे १८९७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पिवळे कापडी पुठ्ठे, त्यावर लाल अक्षरे, किंमत सहा शिलिंग. प्रती ३०००, आणि करारानुसार पहिल्या १००० प्रतींवर लेखकाला काही मिळायचे नव्हते. शेवटच्या घटकेपर्यंत पुस्तकाचे नाव दुसरेच होते, ते ऐन वेळी बदलले. प्रसिद्धीच्या आठ दिवस आधी, १८ मे रोजी सकाळी, लायसियमच्या रंगमंचावर नटांनी तिचे नाट्यवाचन केले. नाटकाचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून कायद्याने ते आवश्यक होते. चार तासांहून जास्त चाललेल्या त्या वाचनात मीनाची भूमिका इडिथ क्रेग हिने वाचली. आयर्व्हिंगने काउंटचे काम करावे ही स्टोकर यांची मनापासून इच्छा होती. काउंटचे उभे राहणे, हुकूम करणे, समोरच्याला थिजवून टाकणे, यात आयर्व्हिंगची छाया सहज दिसते. पण आयर्व्हिंगने ती भूमिका कधीच केली नाही.

(त्याच महिन्यात पुण्यात प्लेग चालू होता. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. कादंबरीतल्या धुक्याच्या लंडनबद्दल वाचताना त्याच राणीच्या राज्यात आपल्याकडे काय चालले होते, हे मुलांना माहीत असावे.)

कादंबरीविषयी थोडे. ती सगळी पत्रे, रोजनिशा, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांची बनलेली आहे. एक डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मीना शाळेत शिकविणारी बाई आहे, ती लघुलिपी आणि टंकलेखन शिकली आहे, आणि सगळ्यांचे विखुरलेले कागद तारीखवार लावून, टंकलिखित करून, शत्रूचा माग तीच काढते. तलवारीपेक्षा तिच्या टंकयंत्राचा उपयोग जास्त होतो. रोजनिशी नाही ती फक्त ड्रॅक्युलाला. तो काय विचार करतो हे आपल्याला कधीच कळत नाही, दुसऱ्यांना दिसला तेवढाच तो दिसतो. भीती वाटते ती यामुळे. पहिले चार अध्याय वाड्यातल्या कैदेचे आहेत आणि माझ्या मते तेच सर्वोत्तम. मधला भाग लांबतो, शेवटची पाठलागाची धावपळ मला तरी ओढूनताणून वाटते. सुरुवातीलाच तरुण वकील हार्कर मिरची घातलेली कोंबडी खातो, रात्रभर पाणी पितो आणि तरीही वाग्दत्त वधूसाठी तिची कृती मागून घ्यायचे ठरवतो. पूर्वेकडे जावे तितक्या गाड्या उशिरा धावतात, अशी तक्रारही करतो. धारला कितीतरी पिढ्या रेल्वेच आली नाही, तेव्हा आपण त्याच्या दुःखात सहभागी होऊ शकत नाही.

कादंबरीची परीक्षणे बरी आली. आई शार्लटने पत्र लिहून तोंडभरून कौतुक केले, हे पुस्तक तुला पैसा आणि नाव मिळवून देईल असे भाकीत केले. स्टोकर जिवंत असेपर्यंत ते खरे ठरले नाही. उलट संकटे सुरू झाली. १८९८ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या गुदामाला आग लागून ४४ नाटकांचे पडदे आणि देखावे जळाले. आयर्व्हिंगची प्रकृती ढासळली, १९०२ मध्ये लायसियम बंद पडले, आणि १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड येथे प्रयोग आटोपून परतल्यावर आयर्व्हिंगचा मृत्यू झाला. २७ वर्षे ज्याच्यासाठी दिवसरात्र एक केली, त्याच्या मृत्युपत्रात स्टोकर यांचे नाव नव्हते. तरी दुसऱ्याच वर्षी स्टोकर यांनी आयर्व्हिंगच्या आठवणींचे दोन खंड प्रसिद्ध केले, आणि त्यांत कडवटपणाचा एक शब्द नाही. याला मोठेपण म्हणावे की आंधळी निष्ठा, यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही. माझे मत दर वाचनाला बदलते.

१९०६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणे आणि दृष्टी दोन्ही अधू झाली. ज्याने सातव्या वर्षी पहिली पावले टाकली तो साठीत पुन्हा काठीवर आला. भिंग हातात धरून ते लिहीत राहिले, कारण घर चालवायचे होते. १९११ मध्ये लेखकांना साहाय्य करणाऱ्या निधीकडे अर्ज करावा लागला, तिथून १०० पौंड मिळाले. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, वय ६४. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते आणि वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरून गेली होती. जे मृत्युलेख आले ते आयर्व्हिंगचा व्यवस्थापक गेला अशा स्वरूपाचे. ‘ड्रॅक्युला’चा उल्लेख त्यांत ओझरता.

पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सने त्यांची पुस्तके आणि कागदपत्रे लिलावात काढली. ‘ड्रॅक्युला’च्या मूळ टिपणांना दोन पौंड दोन शिलिंग आले. आज ती फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात काचेमागे आहेत. १९२२ मध्ये एका जर्मन कंपनीने परवानगी न घेता, नावे बदलून, ‘नोस्फेरातू’ हा चित्रपट काढला. फ्लॉरेन्स तेव्हा साठी ओलांडलेली विधवा होती आणि या एका पुस्तकाचेच काय ते उत्पन्न होते. तिने परदेशी कोर्टात तीन वर्षे झुंज दिली. १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो चित्रपट आज पाहायला मिळतो. कला म्हणून ते बरे झाले, पण त्या बाईच्या बाजूने पाहिले तर मन द्विधा होते. पुढे नाटक आले, १९३१ मध्ये बेला लुगोसीचा बोलपट आला, आणि मग ड्रॅक्युला कोणाचाच राहिला नाही. अमेरिकेत स्टीफन किंग यांनी १९७५ मध्ये तोच प्रकार एका आधुनिक खेड्यात आणला आणि त्यावरून आपल्या नारायण धारपांनी ‘लुचाई’ लिहिली. धारपांची पुस्तके गादीखाली लपवून वाचलेले पालक आपल्यात बरेच असतील. मी नावे विचारत नाही.

कादंबरीची टंकलिखित मूळ प्रत १९८० नंतर अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातल्या एका शेतावरच्या कोठारात सापडली. लेखकाने हाताने केलेल्या दुरुस्त्या तिच्यावर आहेत.

स्टोकर यांचे दहन लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथे झाले आणि रक्षा तिथेच एका कलशात ठेवली आहे. एकुलत्या एका मुलाच्या नावातला ‘आयर्व्हिंग’ हा भाग त्याने मोठेपणी वापरायचे सोडून दिले. तो स्वतःला नोएल म्हणवी. वडिलांचा सारा वेळ त्या माणसाने घेतला, हे तो विसरला नव्हता. १९६१ मध्ये नोएलचे निधन झाले, तेव्हा त्याची रक्षा वडिलांच्याच कलशात ठेवण्यात आली.